लाइट आली की पान आपोआप उघडायला हवं: विंडोजवर वेब सर्व्हर सर्व्हिस म्हणून चालवताना

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गुहागरजवळ तुमचं सहा खोल्यांचं होमस्टे आहे. काउंटरवरच्या विंडोज १० च्या कॉम्प्युटरवर झॅम्प (अपाचे हा वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकून त्यावर पीएचपी या भाषेत लिहिलेलं बुकिंग आणि बिलिंग चालतं. स्वयंपाकघरातला टॅब आणि माडीवरचा मोबाइल वायफायवरून तेच पान उघडतात. पावसाळ्यात लाइट येत-जात राहते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पासवर्ड टाकून, झॅम्पच्या खिडकीत अपाचे आणि मायएसक्यूएलसमोरचं ‘स्टार्ट’ दाबेपर्यंत सगळं ठप्प. स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट टाकून पाहिलात, तरी लॉगिन झाल्याशिवाय काही हलत नाही, आणि कामावरचा मुलगा ती खिडकी चुकून बंद करतो. म्हणून तुम्ही विचारताय की हा सर्व्हर पाठीमागे, नजरेआड कसा चालवायचा.

खिडकी नजरेआड करणं सोपं आहे. तुम्हाला हवंय ते याहून मोठं आहे: लाइट आल्यापासून टॅबवर पान उघडेपर्यंत मध्ये कुठेही माणसाचा हात लागू नये. सर्व्हिस, म्हणजे विंडोज स्वतःच पाठीमागे चालवते तो प्रोग्राम, लावणं हा त्यातला एक टप्पा. त्याच्या आधी मशीन स्वतःहून चालू व्हायला हवं आणि नंतर राउटर, फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी), डेटाबेस हे सगळे ठिकाणावर असायला हवेत. नुसती सर्व्हिस लावून थांबलात तर पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा तिथेच याल, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

काही गोष्टी तुमच्याकडच्या मांडणीवर ठरतील. काउंटरवर डेस्कटॉप आहे की लॅपटॉप, मशीन वायरने राउटरला जोडलंय की वायफायवर, यूपीएस आहे की फक्त घरचा इन्व्हर्टर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी डेस्कटॉप आणि वायर धरून चालतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी हाच त्याचा यूपीएस, पण तो पूर्ण उतरून बंद पडला तर लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये नसते, आणि झाकण मिटलं की तो झोपतो. अशा कामाला जुना का होईना, डेस्कटॉप बरा.

आता सर्व्हिस म्हणजे विंडोजच्या दृष्टीने काय ते आधी सांगतो, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात. तुम्ही आयकॉनवर डबल-क्लिक करून चालवलेला प्रोग्राम तुमच्या लॉगिनच्या सत्रात चालतो. तुम्ही लॉगआउट केलंत की तोही गेला. सर्व्हिस मात्र विंडोजचा सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर सुरू करतो, कुणी लॉगिन करण्याआधीच. विस्टापासून सगळ्या सर्व्हिस ‘सेशन शून्य’ या वेगळ्या सत्रात चालतात आणि त्या सत्राला पडदा नसतो. त्यामुळे सर्व्हिस कुणाला दिसत नाही आणि चुकून बंदही होत नाही. पण ती तुम्हाला काही विचारूही शकत नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

यावर दोन पर्याय लोक हमखास सुचवतात. पहिला म्हणजे विंडोजला पासवर्डशिवाय आपोआप लॉगिन करायला लावायचं. काउंटरवरच्या मशीनवर हे करू नका. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि बिलं ज्या मशीनवर आहेत ते लाइट आल्यावर उघडं पडून राहील. दुसरा पर्याय टास्क शेड्युलरचा, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा: मशीन चालू होताच प्रोग्राम चालव, कुणी लॉगिन असो वा नसो. हे चालतं, पण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये तीन काटे आहेत. टास्क तीन दिवसांहून जास्त चालला तर थांबवायचा, अशी खूण आधीच केलेली असते. ‘मशीन लाइटवर असेल तरच सुरू कर’ आणि ‘बॅटरीवर गेलं तर थांबव’ याही खुणा असतात. यूएसबी वायरने जोडलेला यूपीएस विंडोजला बॅटरीच वाटतो, म्हणजे नेमकी लाइट गेली की सर्व्हर थांबणार. रात्रीच्या बॅकअपसाठी शेड्युलर उत्तम, पण अखंड चालायच्या सर्व्हरला सर्व्हिसच योग्य.

झॅम्पमध्ये सर्व्हिस लावायला पाच मिनिटं पुरतात. कंट्रोल पॅनलमध्ये अपाचे आणि मायएसक्यूएल दोन्ही ‘स्टॉप’ करा. खिडकी बंद करा, मग झॅम्प कंट्रोल पॅनलच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. हे केलं नाही तर पुढचं बटण दाबूनही काही होत नाही आणि लोक तिथेच अडकतात. आता अगदी डावीकडे ‘सर्व्हिस’ नावाचा रकाना आहे, त्यात लाल फुली दिसेल. अपाचेसमोरच्या फुलीवर क्लिक करा, ‘यस’ म्हणा, फुलीच्या जागी हिरवी खूण येईल. मायएसक्यूएललाही तसंच. (खिडकीत नाव मायएसक्यूएल असलं तरी आत मारियाडीबी असतो, फरक पडत नाही.) मग स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा. यादीत ‘अपाचे२.४’ आणि ‘मायएसक्यूएल’ ही दोन नावं दिसली पाहिजेत आणि दोघांचा स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ हवा. तिथूनच दोन्ही सुरू करा. यापुढे झॅम्पची खिडकी रोज उघडायची गरज नाही. स्टार्टअप फोल्डरमधला तो शॉर्टकट काढून टाका, नाहीतर खिडकीतून कुणी दुसऱ्यांदा सुरू करायला जाईल.

प्रत्येक सर्व्हिसवर डबल-क्लिक केलं की ‘रिकव्हरी’ नावाचा टॅब दिसतो. पहिल्या, दुसऱ्या आणि त्यानंतरच्या बिघाडासाठी तिन्ही ठिकाणी ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ निवडा आणि वेळ एक मिनिट ठेवा. डेटाबेस मध्येच कोसळला तर तो स्वतः उठेल.

अपाचे सुरूच होत नसेल तर पहिला संशय पोर्ट ८० वर, म्हणजे वेब पानं ज्या क्रमांकाच्या दारातून जातात त्यावर घ्या. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट ही कमांड ‘एएनओ’ पर्यायासह चालवली की कोणत्या पोर्टवर कोण बसलंय ते प्रोसेसच्या नंबरसह कळतं. पोर्ट ८० समोर नंबर ४ दिसला तर ती विंडोजची स्वतःची सिस्टिम प्रोसेस. बहुतेक वेळा यामागे ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ असते, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेब सर्व्हर आयआयएस कधीतरी चालू करून ठेवलेला असतो. तो वापरत नसाल तर त्या सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’ करा. अपाचेच्या चुकीच्या संदेशात १००४८ हा आकडा असेल तर पोर्ट दुसऱ्याने घेतलाय असाच त्याचा अर्थ.

तुमचं काम अपाचेवर आहे म्हणून निभावलं. अपाचेला सर्व्हिस म्हणून कसं वागायचं हे स्वतःला कळतं. नोड किंवा पायथनमध्ये लिहिलेला सर्व्हर, किंवा विंडोजवरचा एनजिनएक्स, यांना ते येत नाही. अशी साधी एक्झी फाइल कुणी सरळ सर्व्हिस म्हणून नोंदवली तर विंडोज ३० सेकंद उत्तराची वाट पाहते, उत्तर येत नाही आणि १०५३ नंबरची चूक दाखवून तिला बंद करते. प्रोग्राम बिघडलाय असं वाटतं, पण तसं नसतं. त्याला सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरशी बोलणारा एक दुभाष्या लागतो. एनएसएसएम किंवा विनएसडब्ल्यू हे त्याच कामाचे छोटे, मोफत प्रोग्राम. एनएसएसएम वापरलात तर ‘स्टार्टअप डिरेक्टरी’ आणि लॉग फाइलचे रकाने रिकामे सोडू नका. पुढे काही अडलं तर त्या लॉगशिवाय कळायला मार्ग नाही.

आता येतो सगळ्यात त्रासाच्या भागावर: हाताने सुरू केल्यावर व्यवस्थित चालणारी गोष्ट सर्व्हिस झाल्यावर का बिघडते. सर्व्हिस तुमच्या नावाने चालत नाही, तुमचं डेस्कटॉप तिला माहीत नाही, हे एकदा पक्कं झालं की पुढचं सगळं ओघाने कळतं.

खोल्यांचे फोटो किंवा ओळखपत्रांच्या प्रती दुसऱ्या मशीनवरच्या फोल्डरमध्ये असतील आणि तो तुमच्याकडे ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून दिसत असेल, तर सर्व्हिसला तो दिसणार नाही. ड्राइव्हचं हे अक्षर तुमच्या लॉगिनपुरतं असतं. मशीनच्या नावाने पूर्ण पत्ता दिला तरी घरगुती नेटवर्कवर परवानगी अडते. अशा फाइल्स सर्व्हरच्याच डिस्कवर आणा आणि दुसरीकडे फक्त त्यांची प्रत ठेवा.

प्रिंटरचंही तेच. डिफॉल्ट प्रिंटर प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएचपीतूनच सरळ बिल छापायची सोय केली असेल तर सर्व्हिस झाल्यावर बिलं छापायची थांबतील. बिल ब्राउझरमध्ये उघडून तिथून प्रिंट द्यावं, हा टिकाऊ उपाय.

प्रोग्राममध्ये फाइलचे पत्ते अर्धवट लिहिलेले असले, म्हणजे नुसतं ‘डेटा फोल्डरातली अमुक फाइल’ असं, तर तेही कधी कधी चुकतात, कारण सर्व्हिस सहसा विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधून सुरू होते आणि डेटा फोल्डर तिथे शोधते. पूर्ण पत्ता लिहून घ्या. पाथ व्हेरिएबलमध्ये (विंडोज प्रोग्राम कुठे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) काही नवीन घातलं असेल तर ते तुमच्या नावाखाली न घालता सिस्टिमच्या यादीत घाला आणि मशीन रीस्टार्ट करा. नुसती सर्व्हिस पुन्हा सुरू करून ती यादी बदलत नाही.

आणि फायरवॉल. काउंटरच्या मशीनवर पान उघडतं, टॅबवर उघडत नाही, ही सगळ्यात वारंवार येणारी तक्रार. अपाचे प्रथम हाताने चालवताना विंडोजने ‘परवानगी द्यायची का’ असं विचारलं असेल आणि कुणी ‘कॅन्सल’ केलं असेल, तर विंडोज अपाचेसाठी मनाईचे नियम लिहून ठेवते. सर्व्हिसला पडदा नसल्यामुळे तो प्रश्न पुन्हा येत नाही. ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडा, ‘इनबाउंड रूल्स’मध्ये ‘अपाचे एचटीटीपी सर्व्हर’ नावाच्या ओळी शोधा. लाल खूण असलेल्या पुसून टाका. मनाईचा नियम शिल्लक असेल तर परवानगीचा नियम कितीही घातला तरी मनाईच जिंकते. मग नवीन नियम करा: पोर्ट, टीसीपी, ८०, ‘अलाउ’, आणि प्रोफाइलमध्ये फक्त ‘प्रायव्हेट’. त्यानंतर नेटवर्क सेटिंगमध्ये तुमचं कनेक्शन ‘प्रायव्हेट’ आहे ना ते बघा. राउटर बदलला की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजते आणि बऱ्याचदा ‘पब्लिक’ ठरवते. विजेने राउटर जळून नवीन आणला आणि टॅबवर पान दिसेनासं झालं, तर आधी इथे पाहा.

राउटरवरून आणखी एक गोष्ट. लाइट आल्यावर मशीन आणि राउटर एकाच वेळी जागे होतात, आणि हल्लीचा एसएसडी असलेला कॉम्प्युटर राउटरच्या आधी तयार होतो. तेव्हा त्याला पत्ता देणारं कुणी नसतं. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने अपाचेच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘लिसन’ या ओळीत विशिष्ट आयपी पत्ता लिहिला असेल, तर त्या क्षणी तो पत्ता अस्तित्वातच नसतो, अपाचे १००४९ ही चूक लॉगमध्ये लिहून थांबतो आणि थांबलेलाच राहतो. म्हणून तिथे नुसतं ‘लिसन ८०’ ठेवा. मग पत्ता दोन मिनिटांनी आला तरी बिघडत नाही. टॅबला नेहमी एकच पत्ता लागतो, त्यासाठी राउटरच्या डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर जाऊन तुमच्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये काहीही बदललंत की सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी एचटीटीपीडी ही एक्झी ‘टी’ पर्यायाने चालवून ‘सिंटॅक्स ओके’ मिळतंय का ते बघा. एका ओळीतली चूकही सर्व्हिसला उठू देत नाही.

अपाचे सर्व्हिस म्हणून लावला की तो मुळात ‘लोकल सिस्टिम’ खात्यावर चालतो. या खात्याला मशीनवर जवळजवळ सगळं करता येतं. तुमच्या पीएचपी पानात एखादी फट असेल आणि कुणी त्यातून घुसलं, तर त्याच्या हाती सगळी किल्ली. त्यात सी ड्राइव्हवर थेट बनवलेल्या फोल्डरमध्ये मशीनवरचा कुठलाही लॉगिन केलेला वापरकर्ता फाइल बदलू शकतो, ही विंडोजची मूळ परवानगी, आणि झॅम्प नेमका तिथेच बसतो. बाकी सगळं नीट चालायला लागल्यावर अपाचे सर्व्हिसच्या ‘लॉग ऑन’ टॅबमध्ये ‘धिस अकाउंट’ निवडून ‘एनटी सर्व्हिस’, उलटी तिरकी रेघ, आणि पुढे सर्व्हिसचं नाव लिहा. पासवर्डचे रकाने रिकामे ठेवा. हे त्या सर्व्हिसपुरतं बनणारं खातं आहे, वेगळं उघडावं लागत नाही. या खात्याला झॅम्प फोल्डरवर वाचायची परवानगी द्या. लिहायची परवानगी फक्त अपाचेच्या लॉग्ज फोल्डरवर, झॅम्पच्या टेम्प फोल्डरवर आणि जिथे ओळखपत्रांच्या प्रती चढतात त्या फोल्डरवर. मगच झॅम्प फोल्डरवरून ‘ऑथेंटिकेटेड यूझर्स’ची बदल करायची परवानगी काढा, पण डेटाबेसच्या खात्याला, म्हणजे ‘सिस्टिम’ला, आणि ॲडमिनला हात लावू नका. क्रम उलटा केलात तर बुकिंगच्या पानावर लॉगिनच होत नाही, कारण कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवणारी सत्राची फाइल लिहायला पीएचपीला जागा उरत नाही.

डेटाबेसकडे मी सर्व्हरपेक्षा जास्त लक्ष देतो. अपाचे अचानक बंद पडला तर काही हरवत नाही. डेटाबेस लिहिता लिहिता लाइट गेली तर हरवू शकतं. सर्व्हिस केल्याचा इथे मोठा फायदा आहे: मशीन नीट ‘शट डाउन’ होताना विंडोज सर्व्हिसला आवरायला सांगते आणि तुमच्या आकाराचा डेटाबेस तेवढ्या सेकंदांत सगळं डिस्कवर उतरवतो. अचानक लाइट गेल्यावर काय होईल ते टेबलांच्या प्रकारावर ठरतं. इनोडीबी टेबलं पुढच्या वेळी सुरू होताना स्वतःची दुरुस्ती करून घेतात, जुन्या मायआयएसएएम प्रकाराची टेबलं मोडू शकतात. पीएचपीमायॲडमिनमध्ये (झॅम्पबरोबर येणारं डेटाबेस बघायचं पान) प्रत्येक टेबलासमोर प्रकार लिहिलेला असतो. मायआयएसएएम दिसलं तर बॅकअप घेऊन इनोडीबीत बदलून घ्या.

‘मायएसक्यूएल शटडाउन अनएक्सपेक्टेडली’ असा संदेश आला की डेटा फोल्डर काढून त्याजागी झॅम्पचं ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर टाका, असा सल्ला सगळीकडे मिळतो. थांबा. त्या बॅकअपमध्ये तुमची बुकिंगं नसतात, कोरा डेटाबेस असतो. आणि इनोडीबीचा गाभा ‘आयबीडेटा१’ या फाइलमध्ये असतो. ती कोऱ्या फाइलने झाकली गेली तर टेबलांची नावं दिसतात पण उघडत नाहीत. काहीही करण्याआधी सर्व्हिस थांबवून पूर्ण डेटा फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा, मग एरर लॉग वाचा.

आणखी दोन बदल लगेच करण्यासारखे. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या रूट, म्हणजे मुख्य खात्याला मुळात पासवर्डच नसतो, तो लावा आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्येही बदला. आणि मायएसक्यूएलच्या आयएनआय फाइलमध्ये ‘बाइंड-ॲड्रेस’ १२७.०.०.१ करा, म्हणजे डेटाबेसशी फक्त त्याच मशीनवरून बोलता येईल. पाहुण्यांना आणि टॅबला एकच वायफाय देत असाल तर हे टाळू नका. खरं तर पाहुण्यांचं वायफाय राउटरच्या ‘गेस्ट नेटवर्क’मधून वेगळंच द्या. पीएचपीमध्ये डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ असेल तर तिथेही हाच आकडा लिहा, कारण ‘लोकलहोस्ट’ म्हटल्यावर विंडोज आधी नव्या पद्धतीचा पत्ता धुंडाळते आणि पानं उगाच रेंगाळतात.

अपाचेने डेटाबेसवर अवलंबून राहावं अशी जोडणी सर्व्हिसमध्ये करता येते. मी करत नाही. डेटाबेस थांबवला की विंडोज अपाचेही थांबवते, आणि डेटाबेस पुन्हा सुरू केला तरी अपाचे पडूनच राहू शकतो. अपाचे आधी उठला तर फार तर काही सेकंद चूक दाखवणारं पान दिसेल, एवढंच.

आता मशीन. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’, ‘एसी बॅक’ किंवा ‘आफ्टर पॉवर फेल्युअर’ अशा कुठल्यातरी नावाचं सेटिंग असतं, ते ‘पॉवर ऑन’ करा. मशीन चार-पाच वर्षांहून जुनं असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ नाण्यासारखी बॅटरी आत्ताच बदला. ती उतरली की बायोस सगळं विसरतो, घड्याळ मागे जातं, आणि मशीन ‘एफ१ दाबा’ म्हणून काळ्या पडद्यावर थांबून राहतं. तेव्हा सर्व्हिस कितीही छान लावलेली असो, तिच्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही. किरकोळ पैशांची बॅटरी आहे, पण अशा बंद पडलेल्या मशीनमध्ये मी आधी तीच बघतो.

यूपीएस घ्यायचा तर त्यावर राउटर आणि फायबरचा डबाही लावा. फक्त कॉम्प्युटर जिवंत ठेवून टॅबला काही मिळत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या पाठीमागचं बटण ‘यूपीएस’ बाजूला हवं; ‘नॉर्मल’वर लाइट बदलताना जो क्षण जातो त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएसबरोबर एक सापळा येतो. लाइट गेली, यूपीएसच्या सॉफ्टवेअरने मशीन नीट बंद केलं, आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत लाइट परत आली. मशीनच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, त्यामुळे बायोसचं ते सेटिंग लागू होत नाही आणि मशीन बंदच राहतं. मशीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने स्वतःचं आउटपुट तोडणारं सेटिंग यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ते चालू करा. ती सोय नसलेला साधा यूपीएस असेल तर मशीन बंद करायची वेळ जितकी लांबवता येईल तितकी लांबवा.

विंडोजमध्ये ‘पॉवर अँड स्लीप’मध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, कारण सर्व्हिस चालू आहे म्हणून विंडोज जागी राहत नाही. पडदा बंद झाला तर हरकत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी सेशन शून्य पुसलं जात नाही, डिस्कवर गोठवून ठेवलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस नव्याने सुरू होण्याऐवजी कालच्याच अवस्थेत जाग्या होतात. काल अडकलेली सर्व्हिस आजही अडकलेलीच.

म्हणजे क्रम असा ठेवा: आधी पूर्ण बॅकअप, मग बायोस आणि बॅटरी, स्लीप आणि फास्ट स्टार्टअप, मग दोन्ही सर्व्हिस, फायरवॉल, राउटरमध्ये राखीव पत्ता, आणि सगळं चालल्यावर खातं आणि परवानग्या. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येकानंतर टॅबवर पान उघडून बघा.

चाचणी दोनदा घ्या. पहिली: ‘रीस्टार्ट’ करा आणि लॉगिनचा पडदा आला की हात लावू नका. तीन मिनिटं थांबून टॅबवर पान उघडा, एक खोटं बुकिंग करा आणि पुसा. दुसरी: कुणी काम करत नसताना, डेटाबेसची सर्व्हिस थांबवून, कॉम्प्युटर आणि राउटरची लाइट मेन स्विचवरून काढा आणि मिनिटाभराने द्या. यूपीएस असेल तर तोही या वेळी बाजूला ठेवा, नाहीतर बायोसची परीक्षा होतच नाही. पान उघडलं तर झालं. नाही उघडलं तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये सिस्टिम लॉग उघडा. ४१ आणि ६००८ म्हणजे वीज अचानक गेली होती. ७००० आणि ७००९ म्हणजे सर्व्हिस सुरू व्हायला गेली पण जमलं नाही. ७०३१ किंवा ७०३४ म्हणजे सुरू होऊन कोसळली. त्या वेळेजवळ यातलं काहीच नसेल आणि काउंटरच्या ब्राउझरमध्ये पान उघडत असेल, तर सर्व्हर ठीक आहे, शोध राउटर किंवा फायरवॉलकडे न्या. वायरीचं टोकही काढून बघा, खाऱ्या हवेत लॅन पोर्टच्या पिना हिरव्या पडतात.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीनला विंडोज ११ झेपत असेल तर हे सगळं लावायच्या आधी ते चढवा. झेपत नसेल आणि तुमचा सॉफ्टवेअरवाला तयार असेल, तर त्याच मशीनवर उबुंटू टाकणं वाईट नाही. तिथे अपाचे पॅकेजमधून बसवला की तो सर्व्हिस म्हणूनच बसतो, वेगळं काही लावावं लागत नाही. फक्त काउंटरवरचा प्रिंटर आणि बाकीचे प्रोग्राम त्यावर चालतात ना, ते आधी तपासा.

बाहेरून, म्हणजे मुंबईत असताना बुकिंग बघायचं म्हणून राउटरमध्ये पोर्ट ८० बाहेर उघडू नका. बऱ्याच घरगुती कनेक्शनवर ते चालतही नाही, कारण अनेक ग्राहकांमध्ये मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो. आणि जिथे चालतं तिथे झॅम्पसारखी शिकण्यासाठी बनवलेली मांडणी जगासमोर येते. टेलस्केलसारखं खाजगी नेटवर्क कॉम्प्युटरवर आणि तुमच्या मोबाइलवर टाका. तेही सर्व्हिस म्हणून चालतं, फक्त कॉम्प्युटरवर त्याचा ‘रन अनअटेंडेड’ हा पर्याय चालू करा, म्हणजे लॉगिनशिवायही जोडलेलं राहील. फायरवॉलचा तुमचा नियम त्या जोडणीला लागू होतोय का, ते एकदा बाहेरच्या नेटवरून तपासा.

बॅकअपसाठी रोज पहाटे मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत एका फाइलमध्ये उतरवणारी कमांड) चालवणारा टास्क शेड्युलरमध्ये लावा. वर सांगितलेल्या लाइट-बॅटरीच्या खुणा काढा आणि ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव’ ही खूण करा, म्हणजे पहाटे लाइट नसली तरी आल्यावर बॅकअप होईल. ती फाइल त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडे घरांची छपरं उडाली आणि कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. तशा वेळी कॉम्प्युटर भिजला तर नवा आणता येतो, गणपतीपर्यंतची आगाऊ बुकिंगं आणत नाही कुणी. आठवड्यातून एकदा ती फाइल पासवर्ड लावून पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या घरी ठेवा, शिवाय नेट असेल तेव्हा एखाद्या क्लाउड फोल्डरमध्ये. आणि सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या झॅम्पमध्ये चढवून बघा. त्यात शेवटच्या दिवसाचं बुकिंग दिसलं, तरच तो बॅकअप धरा.